दारूच्या आहारी गेलेला पुरुष स्वतःला काय समजतो आणि माणसांशी तसा का वागतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा मोठा भाऊ ४३ वर्षांचा आहे. गेली १५-१६ वर्षं पितो, आता सकाळीही लागते. प्यायलेला नसतो तेव्हा इतका मवाळ की कोणी काहीही काम सांगावं, तो नाही म्हणत नाही. घरात मान वर करून बोलत नाही. प्यायला की मात्र 'मी कोण आहे माहीत आहे का', 'तुम्ही सगळे माझ्या जिवावर जगलात' असं सुरू होतं. वहिनीवर संशय घेतो. दुसऱ्या दिवशी रडून माफी मागतो आणि मग दोन-दोन दिवस खोलीबाहेर येत नाही. त्याच्यात आत्मविश्वास नाही म्हणून तो पितो, की तो मुळात अहंकारी आहे? आत्मविश्वास वाढवला तर दारू सुटेल का? आई म्हणते, घरच्या धंद्याचा हिशेब त्याच्या हाती द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. द्यावा का?"

तुमचा दादा मवाळ आहे की अहंकारी, यातलं एक निवडायच्या फंदात पडू नका. तुम्ही लिहिलेली दोन्ही रूपं खरी आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. व्यसनमुक्तीच्या कामात इतकी वर्षं पुरुषांशी बोलताना मला सतत दिसत आलं आहे की त्यांचा आत्मसन्मान नुसता कमी नसतो, त्याला स्वतःचा आधारच उरलेला नसतो. आपण किती लायकीचे आहोत हे पोटात दारू किती आहे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय आहे यावर ठरतं, आणि ते दिवसातून चार वेळा बदलतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आधीच देऊन टाकते: आत्मविश्वास वाढवून दारू सुटत नाही. आधी दारू थांबावी लागते, मग आत्मसन्मान हळूहळू उभा राहतो. हा क्रम उलटा केला की घरातली माणसं वर्षानुवर्षं थकत राहतात.

पण त्याआधी शरीराचं बघू, कारण तुमच्या पत्रातलं "सकाळीही लागते" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. सकाळी हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं आणि थोडी घेतल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर त्याचं शरीर दारूवर अवलंबून झालेलं आहे. अशा माणसाला "आजपासून बंद, हिंमत असेल तर दाखव" असं म्हणून घरात कोंडू नका. एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, वेळ-जागा कळेनाशी होते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक दिवस गोळ्या देऊन हा काळ सुखरूप पार करता येतो. बी-१ जीवनसत्त्वही द्यावं लागतं, कारण त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे आधी सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. विथड्रॉवलच्या, म्हणजे दारू थांबल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाने माणूस दुपारी पुन्हा प्यायला की घरचे म्हणतात, "बघा, शब्दाला किंमतच नाही." तोही तेच मानतो. शरीराच्या एका लक्षणाचा असा स्वभावावर ठपका बसतो.

आता, आधी काय आलं? कमी आत्मसन्मान की दारू? पूर्वी असा समज होता की दारुड्यांचा एक ठरावीक स्वभावच असतो: परावलंबी, हळवा, स्वतःला कमी लेखणारा. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांनी पुरुषांच्या दोन गटांचा तरुणपणापासून पुढे कित्येक दशकं चाललेला अभ्यास मांडला, तेव्हा चित्र बरंचसं उलटं निघालं. ज्यांना पुढे व्यसन लागलं ते पुरुष त्याआधी इतरांपेक्षा मनाने फारसे वेगळे नव्हते. ज्याला आपण दारुड्याचा स्वभाव म्हणतो त्यातला मोठा भाग पिण्यामुळे तयार झालेला होता. याला अपवाद आहेत. लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेले, चारचौघांत बोलायची लहानपणापासून भीती असलेले, कुमारवयातच बेफाम वागू लागलेले अशा पुरुषांच्या बाबतीत जखम आधीची असते आणि दारू तिच्यावर ओतली जाते. म्हणून मी घरच्यांना नेहमी विचारते की हा पंचविशीच्या आधी कसा होता? तुम्ही धाकटे आहात, तुम्हाला आठवेल. मित्र होते का, हट्ट करायचा का, भांडून पुन्हा बोलायचा का? तो बराचसा ठीक होता असं आठवत असेल तर आज दिसतो तो माणूस मुख्यतः दारूने घडवलेला आहे. त्याच्याशी बोलताना हे ध्यानात असलं की तुमच्या बोलण्याचा सूरही बदलेल.

दारू हे घडवते कसं, हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण घरच्यांना त्याचा बाहेरचा भागच दिसतो. रोज सकाळी हा माणूस स्वतःला एक शब्द देतो: आज नाही. कोणी ऐकत नसतं. संध्याकाळी तो मोडतो, तेव्हाही कोणी बघत नसतं. तुम्हाला दिलेली आणि मोडलेली वचनं तुम्ही मोजलीत, पण त्याने स्वतःला दिलेली त्याच्या कितीतरी पट आहेत. असं काही वर्षं चाललं की "मी ठरवलेलं मी करतो" हा साधा विश्वास पूर्ण संपतो. त्यात ब्लॅकआउटची भर पडते. रात्रीचं आठवत नाही, म्हणजे तो बेशुद्ध होता असं नाही. तो चालत होता, बोलत होता, भांडत होता, पण मेंदूने त्याची नोंदच केली नाही. सकाळी उठल्यावर आपण काय केलं हे त्याला घरच्यांच्या चेहऱ्यांवरून वाचावं लागतं. बायको बोलत नाहीये, मुलगी बाजूने निघून गेली, कपाटाची काच फुटलेली आहे. नेमकं काय झालं हे विचारायची हिंमत नसते, म्हणून तो सगळ्याच गोष्टींची सरसकट माफी मागतो. तुमचा दादा रडतो ते नाटक नसतं. पण कशाची माफी मागतोय हे त्याला पुरतं ठाऊकही नसतं.

आणि या सगळ्यावर त्याला हमखास ठाऊक असलेला तात्पुरता इलाज दारूच असते. मानसशास्त्रज्ञ जे हल यांनी १९८१ मध्ये मांडलं की दारूमुळे माणसाचं स्वतःकडे असलेलं लक्ष कमी होतं, आपण कसे आहोत हे आतून तपासणारी नजर मंदावते. पुढे १९९० मध्ये क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी दाखवलं की नशेत लक्षाचा घेरच आकसतो. समोर जे ठळक असेल तेवढंच दिसतं, उद्याचे परिणाम आणि कालचं ओझं दोन्ही नजरेआड होतात. डेव्हिड मॅकलेलंड यांनी त्याआधी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, प्यायलेल्या पुरुषांच्या कल्पना तपासल्या होत्या. त्यात आपण ताकदवान आहोत, इतरांवर आपला वचक आहे, अशा विचारांना ऊत येताना त्यांना दिसला. हे तिन्ही एकत्र ठेवा आणि तुमच्या दादाची रात्र बघा. दिवसभर स्वतःला नालायक समजणारा माणूस दोन पेगनंतर स्वतःकडे बघायचं थांबवतो, चौथ्यानंतर त्याला आपण मोठे वाटू लागतो. "मी कोण आहे माहीत आहे का" ही दिवसभर दाबलेल्या प्रश्नाची रात्रीची आरोळी आहे. तिला अहंकार म्हणणं मला पटत नाही. ज्याचा आत्मसन्मान धड असतो त्याला तो रात्री अकरा वाजता ओरडून सांगावा लागत नाही.

म्हणूनच आत्मसन्मान मोजायच्या प्रश्नावलीवर मी फार भिस्त ठेवत नाही. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही सगळ्यात जास्त वापरली जाते. "एकंदरीत मी स्वतःबद्दल समाधानी आहे" अशा धर्तीच्या विधानांना कितपत होकार, ते सांगायचं असतं. दारू नुकतीच थांबलेल्या माणसाला ती पहिल्या आठवड्यात दिली तर तो एक तर सगळीकडे शून्य भरतो, नाही तर सगळीकडे उत्तम. त्यातून त्याचा त्या दिवसाचा बचाव कळतो, माणूस कळत नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत दिसणारी उदासी बऱ्याच जणांत फक्त दारू बंद राहिल्याने दोन ते चार आठवड्यांत बरीच निवळते. ज्यांची निवळत नाही त्यांना नैराश्याचा स्वतंत्र उपचार लागतो. जीव नकोसा झाल्याचं त्याने कधीही, नशेतसुद्धा, म्हटलं तर ते बोलणं हवेत सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दारूच्या व्यसनात आत्महत्येचा धोका खरोखर वाढलेला असतो.

आता माणसांशी वागण्याबद्दल. कॅरेन हॉर्नाय या मनोविश्लेषक बाईंनी १९४५ मध्ये एक सोपी मांडणी केली होती, ती मला अजूनही उपयोगी पडते. आत असुरक्षित वाटणारा माणूस तीन दिशांना जातो: लोकांकडे, लोकांच्या विरोधात, किंवा लोकांपासून दूर. म्हणजे मर्जी राखणं, अंगावर जाणं, आणि अंग काढून घेणं. निरोगी माणूस प्रसंग बघून तिन्ही वापरतो. अडकलेला माणूस एकच पकडून बसतो. दारूवर अवलंबून असलेल्या पुरुषांत या तिन्हींची दिवसाच्या वेळेनुसार पाळी लागलेली मी बघते. तुम्ही नेमकं तेच लिहिलं आहे: शुद्धीत मर्जी राखणं, नशेत अंगावर येणं, आणि उतरल्यावर खोलीत दडणं.

यातल्या पहिल्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण त्याचा कोणाला त्रास होत नाही. उलट शेजारी म्हणतात, "प्यायला नसला की सोन्यासारखा माणूस आहे." एकदा माझ्यासमोर बसलेल्या गृहस्थांचा फोन वाजला. पलीकडून कामावरचे वरिष्ठ बोलत होते. वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं "हो साहेब, होईल साहेब, काही काळजी करू नका" असं तीनदा म्हणून झालं होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय काम आहे? त्यांना धड सांगता आलं नाही. काम ऐकायच्या आधीच त्यांनी हो म्हटलं होतं, कारण नकारानंतरचा तो एक क्षण, समोरच्याच्या आवाजातली ती नाराजी, त्यांना सोसवणारी नव्हती. मग ते काम डोक्यावर बसतं, जमत नाही, राग येतो, तो साहेबांवर काढता येत नाही आणि संध्याकाळी बाटली उघडते. तुमच्या दादाचं "कोणाला नाही म्हणत नाही" हे कौतुकाने लिहिलं असेल, पण माझ्या नजरेत ते धोक्याचं चिन्ह आहे. त्याच्या दिवसभराच्या न म्हटलेल्या "नाही"ची थकबाकी रात्री घरात वसूल होते, आणि ती वसुली वहिनी आणि आई यांच्याकडून होते, कारण त्या सोडून जाणार नाहीत असा त्याला भरवसा असतो.

लोक म्हणतात, नशेत माणूस खरं बोलतो. हे मला मान्य नाही. नशेत तो अर्धवट, भडक आणि समोर दिसेल त्याच्या नावावर बोलतो. "माझ्या जिवावर जगलात" यात सत्य एवढंच असू शकतं की मला घरात आता कोणी मोजत नाही. रात्री त्यावर वाद घालू नका, आणि सकाळी ते वाक्य तोंडावर फेकूही नका. दारू थांबल्यानंतर काही आठवड्यांनी हाच विषय शांतपणे काढता येतो, आणि तेव्हा बहुतेकदा खरं बाहेर येतं.

संशयाबद्दल वेगळं सांगायला हवं. दीर्घकाळ पिणाऱ्यांना दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखायला कठीण जातं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. साध्या चेहऱ्यात त्यांना राग किंवा तुच्छता दिसते, आणि चुकतोय हे त्यांच्या ध्यानात येत नाही. वहिनी दमून गप्प बसलेली असते, त्याला ती हिणवतेय असं वाटतं. त्यात पिण्यामुळे येणारी लैंगिक दुर्बलता, घरात ढासळलेलं स्थान आणि "ही माझ्यासारख्याबरोबर का राहील" हा आतला प्रश्न मिळून संशयाचं भूत उभं राहतं. काहींच्या बाबतीत ते भ्रमाच्या पातळीला जातं: फोन तपासणं, पाठलाग करणं, खोटे पुरावे जोडणं. मग तो मनोविकार असतो आणि त्याला औषध लागतं, समजूत घालून तो जात नाही. वहिनींवर हात उगारला जात असेल तर माझं बाकीचं सगळं उत्तर बाजूला ठेवा. त्यांची आणि मुलांची सुरक्षित सोय आधी करा. त्याच्या मनाला काय वाटतं हे समजून घेणं आणि त्याने मारणं सहन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी दिशा, दूर जाण्याची, सगळ्यात शांत आणि सगळ्यात घातक. खोलीत दडून बसलेल्या माणसाला घरचे "निदान आज पिऊन गोंधळ तरी नाही" म्हणून सोडून देतात. खरं तर तो तिथे स्वतःलाच सोलत बसलेला असतो. इथे मला लाज आणि अपराधीपणा यांतला फरक सांगायचा आहे, कारण उपचाराची दिशा त्यावर ठरते. अपराधीपणात मन म्हणतं, मी वाईट वागलो. लाजेत म्हणतं, मीच वाईट आहे. जून टँग्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५च्या अभ्यासात लाजेकडे झुकणाऱ्यांत दारू आणि इतर नशेचे प्रश्न जास्त आढळले, अपराधीपणाकडे झुकणाऱ्यांत कमी. २०१३ मध्ये जेसिका ट्रेसी आणि डॅनियल रँडल्स यांनी नुकती दारू सोडलेल्या लोकांना, शेवटचं कधी पिऊन वाईट वाटलं ते सांगायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. सांगताना ज्यांचे खांदे जास्त आत ओढले गेले, छाती जास्त आकसली, ते पुढे पुन्हा पिण्याची शक्यता जास्त निघाली. तोंडाने ते काय म्हणाले त्यापेक्षा शरीराने जास्त सांगितलं. तुम्ही लिहिलंत की दादा मान वर करत नाही. घरात हे पश्चात्तापाचं लक्षण समजून समाधान मानतात. मी ते धोका म्हणून बघते.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक पदर असतो. पुरुषाची घरातली किंमत बरीचशी कमाई आणि निर्णय यांवर तोललेली असते. व्यसन वाढतं तसं घर हळूहळू त्याला विचारायचं सोडतं. ते बरोबरच असतं, कारण त्याच्या भरवशावर काही ठेवता येत नाही. पण हे कोणी त्याला उघड सांगत नाही. मुलाच्या शाळेचा फॉर्म भरून झालेला असतो, घराचं रंगकाम ठरलेलं असतं, त्याला मागाहून कळतं. भीती वाटते, एकटं वाटतं, हे म्हणायची भाषा त्याला कधी शिकवलेलीच नसते. रागावणं तेवढं पुरुषाला शोभतं असं शिकवलेलं असतं. मग सगळ्या भावना रागाच्याच दाराने बाहेर पडतात. आणि पिणाऱ्या मित्रांचा कंपू ही त्याला किंमत देणारी एकमेव जागा उरते. दारू सोडताना तो ही जागाही सोडत असतो. त्या रिकाम्या संध्याकाळी काय करायचं याची तयारी नसेल तर नुसत्या औषधाने निभत नाही.

घरच्यांनी बोलायचं कसं? टोमणे, तुलना, चारचौघांत अपमान, मुलांच्या शपथा हे सगळं लाज वाढवतं आणि लाज त्याला बाटलीकडे ढकलते. हे केवळ माझं मत नाही. विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तपासलं तेव्हा समुपदेशक जितका जास्त अंगावर जाऊन बोलत होता, तितका समोरचा माणूस वर्षभराने जास्त पीत असलेला आढळला. समुपदेशकाच्या बोलण्याने हे होतं तर सख्ख्या भावाच्या बोलण्याने काय होत असेल? पण याचा अर्थ झाकून घ्या असा नाही. त्याच्या कामावर "ताप आहे" म्हणून खोटा फोन करू नका, उसने पैसे फेडू नका, रात्रीची ओकारी सकाळी गुपचूप पुसून ठेवू नका. बोलायचं ते तो शुद्धीत असताना, छोटं आणि घडलेल्या गोष्टीबद्दल. "तू माणूस आहेस का" याऐवजी "काल तू आईवर ओरडलास, ती रात्रभर झोपली नाही. हे मला चालणार नाही. तू डॉक्टरांकडे जायला तयार असशील तर मी आज बरोबर येतो." यात त्याच्या वागण्याला नाव आहे, तुमची हद्द आहे आणि पुढची वाट आहे. त्याची लायकी काढलेली नाही.

तो यायलाच तयार नसेल तर तुम्ही या. कुटुंबीयांना शिकवून माणसाला उपचारापर्यंत आणायची एक पद्धत रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केली. शुद्धीतल्या चांगल्या वागण्याला जवळीक आणि प्रतिसाद, पिण्याच्या वेळी शांतपणे बाजूला होणं, आणि मदतीचा विषय योग्य क्षणी काढणं हा तिचा गाभा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या पद्धतीने ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्यांनी मिळून घेरून समोरासमोर सुनावण्याच्या पद्धतीने ३० टक्के, आणि कुटुंबीयांना ॲल-ॲनॉनसारख्या आधारगटाकडे वळवल्यावर १३ टक्के. मात्र घरच्यांचा स्वतःचा ताण तिन्ही प्रकारांत जवळपास सारखाच कमी झाला, म्हणून वहिनींना अशा गटाची मीटिंग जरूर सुचवा, ती त्यांच्यासाठी आहे. आणि एक कळकळीची विनंती: कोणी सुचवलं तरी दारू सुटायच्या गोळ्या त्याच्या जेवणात लपवून देऊ नका. अशा गोळ्यांतलं डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. आणि हे त्याला कळलं तर घरावरचा उरलासुरला विश्वासही जातो.

दारू थांबल्यानंतर आत्मसन्मान परततो कसा, ते एका गटचर्चेतून सांगते. मी सगळ्यांना विचारलं होतं, आज तुमच्या हातून कोणतं काम नीट झालं? दुसऱ्या आठवड्यातला एक जण म्हणाला, "काही नाही." शेजारचा म्हणाला, "अरे, सकाळी सगळ्यांचे कप तू धुतलेस." तो लगेच म्हणाला, "कप काय, कोणीही धुतं." मी कौतुक केलं असतं तर ते असंच घरंगळून गेलं असतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "काल रात्री तू कप धुवायचं कबूल केलं होतंस का?" तो म्हणाला, हो. "आणि धुतलेस?" हो. यावर तो जरा थांबला. मग हळूच म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी बोललो तसं केलं." काम क्षुल्लक होतं, पण शब्द पाळला गेला होता, आणि या वेळी त्याचा साक्षीदार तो स्वतः होता. "तू किती हुशार आहेस", "तुझ्यात किती गुण आहेत" अशी स्तुती या माणसांना टोचते, कारण आत त्यांना ती खोटी वाटते. त्याऐवजी जे दिसलं ते बोला: "सात वाजता येतो म्हणालास, आलास." तेवढं पुरतं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदतीच्या गटाची रचना बघितली तर हेच तत्त्व दिसतं. १९३५ मध्ये बिल आणि डॉक्टर बॉब या दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून ती चळवळ सुरू झाली, आणि पहिल्या दिवसापासून एकाने दुसऱ्याच्या उपयोगी पडणं हा तिचा पाया राहिला. नवा माणूस खुर्च्या मांडतो, चहा करतो, पुढे कधीतरी शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःची गोष्ट सगळ्यांसमोर सांगतो. त्याच्या सगळ्यात लाजिरवाण्या आठवणीचा दुसऱ्या कोणाला आधार होतो. त्या खोलीत मर्जी राखायची गरज नसते, अंगावर जायची नसते, लपायची नसते. तिन्ही जुन्या सवयींना तिथे काम उरत नाही. सगळ्यांना ही वाट मानवेलच असं नाही. काहींना एकट्याने समुपदेशन बरं पडतं, काहींना ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखं औषध डॉक्टर देतात. दोन्ही जोडीने चालू शकतात. मी यात एकच आग्रह धरते, "नाही" म्हणायचा सराव. आम्ही तो अक्षरशः बसून करून घेतो: मी पाहुणी बनते, ग्लास पुढे करते, आणि त्याने कारण न देता, माफी न मागता नकार द्यायचा. सुरुवातीला मोठ्या अंगाचे, दणकट आवाजाचे पुरुष यात घामाघूम होतात. जो साहेबांना, मेव्हण्याला, जुन्या मित्राला शुद्धीत शांतपणे नाही म्हणायला शिकतो, त्याच्या घरातली रात्रीची आरोळी आपोआप ओसरते.

स्लिप होण्याची, म्हणजे मध्येच पुन्हा प्यायला जाण्याचीही तयारी ठेवा. ॲलन मार्लाट यांनी दाखवलं की एक पेग घेतला गेला की त्या पेगपेक्षा "आता सगळं संपलं, मी असाच" हा विचार माणसाला पुढच्या बाटलीकडे नेतो. म्हणून घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात सुतक पाळू नका. "डॉक्टरांना केव्हा भेटायचं?" हा एकच प्रश्न विचारा आणि त्याच दिवशी घेऊन जा.

आता आईंचा मुद्दा. धंद्याचा हिशेब आत्ता देऊ नका. त्यांची भावना मला कळते, मुलाला पुन्हा कर्ता बघायचं आहे त्यांना. पण सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाच्या हाती पैसा देणं म्हणजे त्याला अपयशाची हमी देणं आहे, आणि त्या अपयशाचा पुरावा घर पुढची दहा वर्षं त्याच्यासमोर धरेल. उपचार सुरू होऊन दारू बंद राहिली, झोप आणि भूक जागेवर आली की लहान काम द्या. असं काम, की ज्याची सुरुवात आणि शेवट एकाच दिवसात होतो, ज्यात पैसा नाही, आणि जे झालं की नाही ते त्याला स्वतःला दिसतं: माल मोजून वहीत लिहिणं, आईला तपासणीला नेऊन आणणं, मुलीला क्लासला सोडणं. काम त्याला विचारून ठरवा, आणि विचारताना "जमणार नसेल तर नाही म्हण, राग येणार नाही" हे मोठ्याने सांगा. तो कधीतरी खरंच "हे मला नको" म्हणाला तर घरात कोणी नाराज चेहरा करू नये, हे आईंना आणि वहिनींना आधीच सांगून ठेवा. पैशाचं काम काही महिन्यांनी, दारू बंद असेल तर, आणि तेही सुरुवातीला तुमच्या दोघांच्या सहीने. दोन सह्यांचं कारण त्याला स्पष्ट सांगा, चोरून हिशेब तपासत बसू नका. तोवर पहिलं काम तुमचं आहे: या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, तो रोज साधारण किती पितो, शेवटचं केव्हा प्यायला आणि पूर्वी कधी फिट आली होती का हे लिहून न्या. तो येत नसेल तर पहिल्या भेटीला तुम्ही आणि वहिनी जा.